शेंड्याला पहिले पाणी

गंगापूर रोड, नाशिक
१८ ऑगस्ट २०२५

ललित,

आरंभी 'चि.' लिहिले होते, ते खोडले. चौपन्न वर्षांच्या धाकट्या भावाला चिरंजीव म्हणणे रीतीला धरून असले, तरी आपल्या सध्याच्या संबंधांना धरून नाही. तू माझा फोन घेत नाहीस. कार्यालयातल्या हर्षालीच्या फोनवरून लावला, तेव्हा पहिल्याच घंटीला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पत्राचे तसे नसते. ते न वाचता ठेवता येते, पण मध्येच तोडता येत नाही.

विषय तांत्रिक आहे. अन्य काही नाही.

आमची वसाहत तू पाहिली आहेस. उतारावर एकाखाली एक अशा अकरा गल्ल्या. पावसाचे पाणी आणि घराघरांतले न्हाणीचे, धुण्याचे पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून घ्यायचे, गल्लीच्या कडेने हातभर रुंदीच्या उघड्या दगडी वाटेने अकराही गल्ल्यांत फिरवायचे, त्यावर झाडे जगवायची आणि उरलेले जमिनीत मुरवायचे, ही माझी योजना. दूरच्या धरणातून पाणी आणायचे, एकदाच वापरायचे आणि घाण करून गोदावरीत सोडायचे, या रीतीने कोणतेही शहर आणखी तीस वर्षे तगणार नाही, हे मी इतकी वर्षे वर्गात शिकवले. वसाहतीत ते प्रत्यक्ष बांधून दाखवले. त्या दगडी वाटेला मी 'जलवीथी' असे नाव दिले आहे.

आता सोसायटीला ती बुजवायची आहे. कारण डास. बारा ऑक्टोबरला सर्वसाधारण सभा आहे आणि ठराव असा, की जलवीथीच्या जागी जमिनीखालून पाइप टाकावा आणि वर गाड्या लावाव्यात. सचिव कुंदन भामरे यांनी ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर विमानांचे सुटे भाग तपासले. अशा गृहस्थांना अचूकतेची कदर असेल, असा माझा समज होता. ते म्हणाले, "मॅडम, तुमची नदी सुंदर आहे. फक्त तिच्यातले डास सभासद नसताना आमच्या घरात राहतात." सगळे हसले. मी हसले नाही.

आणखी सात वसाहतींसाठी हाच आराखडा विचाराधीन आहे. इथे पाइप पडला, तर तिथेही पडेल. म्हणून एवढेच विचारते: अण्णा चौतीस वर्षे गावच्या बंधाऱ्याचे पाटकरी होते आणि त्यांच्यामागे पाण्याच्या पाळ्या तूच सांभाळतोस. पाळी कुठून सुरू करायची, याचा तुमचा नियम काय? दोन ओळी पुरतील.

सविता


नाशिक
९ सप्टेंबर २०२५

ललित,

तीन आठवड्यांत दोन ओळी आल्या नाहीत. तुझे मौन मला समजते. ते मान्य आहे, असे मात्र समजू नकोस.

त्या दिवशी जे घडले त्याची माझी बाजू एकदा लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी वसाहतीचे उद्घाटन मी मुद्दाम भाऊबीजेला ठेवले होते, कारण तू यावास अशी माझी इच्छा होती. हे मी तेव्हा तुला सांगितले नव्हते. तू आलास आणि मंडपाकडे न येता थेट खालच्या टोकाला गेलास. चपला काढून कोरड्या जलवीथीत उतरलास, अकराव्या गल्लीपासून पहिल्या गल्लीपर्यंत चालत वर आलास आणि मातीच्या पायांनी माझ्या पाहुण्यांत उभा राहिलास. माझे दिल्लीचे प्राध्यापक तिथे होते. तू सर्वांसमक्ष म्हणालास, "ताई, पाट झकास शे. पन तुनं पानी शेंडालगून पोचत नही. आनि पाटले उपास लागस."

प्राध्यापकांनी विचारले, हे काय म्हणतात? पाट म्हणजे काय?

ज्या शब्दाला टाळून मी संस्कृत शब्द घडवला होता, तोच तू दोन मिनिटांत माझ्या कामाला चिकटवलास. त्यावर मी म्हणाले, "ललित, आज भाऊबीज. तुझा पाट घरी मांडला आहे. हा पाट तुझा नव्हे."

कोटी चांगली होती. लोक हसले. तू चपला हातात घेतल्यास आणि फाटकाबाहेर गेलास. ओवाळून न घेता तू सटाण्याच्या गाडीत बसलास, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. माझी बाजू लिहिते म्हटले होते. लिहून झाल्यावर ती बाजू कोणती, हे मलाच नीट दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट. काल मी अकराव्या गल्लीत गेले. वरच्या दहा गल्ल्यांत काम करणारी माणसे वसाहतीतच राहावीत म्हणून तिथल्या खोल्यांचा आग्रह मीच धरला होता. परिषदांतून त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या. त्या खोल्यांत लोक राहायला आल्यापासून मी तिथे एकदाही गेले नव्हते. मी संगणकावरचे आकडे पाहत होते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक दरवाजा आहे. माती कोरडी झाली की तो आपोआप उघडतो. आकडे निर्दोष होते.

जलवीथीच्या टोकाला एक बाई नागली निवडत बसल्या होत्या. नाव भागीबाई, सुरगाण्याकडच्या. सातव्या गल्लीत दोन घरी स्वयंपाक करतात. त्यांनी विचारले, "ह्या तुमीच बांधला का?"

मी होय म्हटले.

"बरा हाय. पोरां लपायला घुसतात त्यात. पानीच येत नाय, मंग वल्लं व्हायचा भेव नाय."

हा टोमणा होता की कौतुक, हे मला ठरवता आले नाही. माझ्या बाबतीत असे सहसा होत नाही.

मी वर चालत आले. पहिल्या चार गल्ल्यांत हिरवळ आहे, म्हणून तिथली माती सतत तहानलेली, म्हणून तिथले दरवाजे सतत उघडे. तिथे पाणी दिवसचे दिवस साचून राहते आणि डास होतात. त्यानंतरच्या गल्ल्यांत ओल, आणि आठवीपासून खाली पाऊस थांबला की धूळ. दहा गल्ल्यांची धुणीभांडी ज्यांच्या हातून होतात, त्यांच्याच दारापर्यंत त्यांनी वापरलेले पाणी पोहोचत नव्हते.

तू म्हणालास ते चूक नव्हते. 'बरोबर होते' असे लिहायला लेखणी अडते. तूर्त एवढ्यावर भागव.

सविता


नाशिक
१३ ऑक्टोबर २०२५

ललित,

तुझे पोस्टकार्ड चार तारखेला पोहोचले. संबोधन नाही, सही नाही, तीन वाक्ये. सवयीने लाल पेन्सिल उचलली आणि 'पाणि' मधली वेलांटी दुरुस्त केली. मग खोडरबराने ती दुरुस्ती पुसली. पुसल्याची खूण राहिली आहे. कार्ड माझ्या मेजाच्या काचेखाली आहे.

*शेंडाले पहिलं पाणि. आपला दरवाजा आपन उघाडानं नही. पाट पायले समजस, डोयाले नही.*

पहिली दोन वाक्ये मी काल सभेत वाचली. तिसरे वाचले नाही, कारण ते सभेसाठी नव्हते, माझ्यासाठी होते.

सभा कशी झाली ते सांगते. भामरे यांनी ठराव मांडला. पाइपच्या बाजूने हात वर होऊ लागले, तेव्हा मी बोलायला उभी राहिले. आकृत्यांच्या एकवीस पाट्या तयार होत्या. एकही दाखवली नाही. मी म्हणाले, "या आराखड्यात चूक आहे आणि ती माझी आहे."

मग मी सांगितले, की माझ्या वडिलांच्या गावी पाणी पाटाने फिरते. जो शेताचा मालक, तो स्वतःच्या शेताचे पाणी स्वतः सोडत नाही. ते पाटकरी सोडतो. पाळी सुरू होते ती पाटाच्या शेंड्याकडून, सर्वांत लांबच्या शेतापासून, कारण मुळाशी बसलेल्याला पाणी कसेही मिळतेच. आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पाट पूर्ण कोरडा ठेवतात. माझे वडील त्याला पाटाचा उपास म्हणत. वाहिलेल्या आणि वाळलेल्या पाटात डासांच्या अळ्या तग धरत नाहीत.

हा शेवटचा भाग, ललित, मी परदेशी निबंधांत शोधून सापडलेला म्हणून सांगू शकले असते. निबंध आहेतही. पण मला तो अण्णांनी सहाव्या वर्षी सांगितला होता. तू तो माझ्या मांडवात सांगितलास, तेव्हा मला त्याची लाज वाटली होती.

मी तीन महिने मागितले. भामरे म्हणाले, "आणि मॅडम, हा पाटकरी कुठून आणायचा? नेटवर मिळतो का?"

मागून भागीबाई म्हणाल्या, "मी बसते की. वरल्या गल्लीचा दरवाजा माज्याकड द्या. माजा घर शेवटाला हाय, मी कशाला वरल्यांना जास्ती सोडन?"

लोक हसले. पण भामरे हसले नाहीत. आयुष्यभर तपासणी केलेल्या माणसाला नियमातली अचूकता लगेच कळते, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग अकराव्या गल्लीचा दरवाजा पहिल्या गल्लीतल्या माणसाकडे पाहिजे. म्हणजे माझ्याकडे. तरच हिशेब जुळतो."

असे ठरले. प्रत्येक गल्लीचा दरवाजा दुसऱ्याच गल्लीच्या हाती. स्वयंचलित यंत्रे मी आज सकाळी स्वतः काढली. अंतिम निर्णय अठरा जानेवारीच्या सभेत. तोवर शेंड्याला पाणी पोहोचले नाही किंवा डास राहिले, तर पाइप.

घरी आल्यावर लक्षात आले, की सबंध भाषणात मी एकदाही 'जलवीथी' म्हटले नाही.

सविता


नाशिक
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

ललित,

आज लांबवत नाही.

सकाळी पाट मांडला. अण्णांचाच, सागवानी, ज्याच्या एका कोपऱ्याला तू लहानपणी सुरी चालवली होतीस आणि मी मार खाल्ला होता. रांगोळी काढली. ती वेडीवाकडी आली. पुसून पुन्हा काढली नाही. चार वाजेपर्यंत वाट पाहिली.

तू येशील असे तू कुठेही म्हणाला नव्हतास. तेव्हा तक्रार करण्याचा मला अधिकार नाही, आणि मी ती करत नाही.

त्या दिवशी मी जे बोलले ती कोटी नव्हती. तो अपमान होता. दिल्लीला शिकले, डेल्फ्टला शिकले आणि मग जो पाट धरून आपण वाढलो, त्या पाटाचे नाव घ्यायला लाजले. तू ते नाव घेतलेस, म्हणून तुझे हसे करून तुला घालवले. हे एकदा स्पष्ट लिहायचे होते.

सविता


नाशिक
३० नोव्हेंबर २०२५

ललित,

तिसरे वाक्य खरे आहे. मी आता रोज सकाळी पाटातून अनवाणी चालते. पहिल्या दिवशी दहा पावलांत खडा टोचला आणि मी तुझ्या नावाने जे म्हटले ते लिहिण्यासारखे नाही. चौथ्या गल्लीतल्या निकिताने, ती शाळकरी मुलगी आहे, खिडकीतून विचारले, "मॅडम, तुमची चप्पल वाहून गेली का?" मी म्हटले, होय.

पायांना कळते, हेही खरे. पाचव्या गल्लीच्या वळणावर गाळ साचतो, हे यंत्राने दोन वर्षांत सांगितले नव्हते. टाचेने दुसऱ्याच दिवशी सांगितले.

प्रगती कळवते. सोमवार आणि गुरुवार पाटाला उपास. डास निम्म्याहून कमी झाले, असे भामरेच म्हणतात आणि ते कागदावर मोजून म्हणतात. रोज सकाळी साडेसहाला ते पहिल्या गल्लीतून उतरून अकराव्या गल्लीचा दरवाजा उघडायला जातात. भागीबाई त्याच वेळी वर पहिल्या गल्लीचा दरवाजा बंद आहे ना, ते पाहायला निघालेल्या असतात. वाटेत दोघे भेटतात. काल मी ऐकले ते असे:

"तुमच्याकडचा बंद हाय ना, साहेब?"

"माझ्याकडचा तुमच्याकडे आहे, बाई. माझ्याकडे तुमचा आहे."

"हां. म्हनून तर इचारलं."

पण एक अडचण आहे आणि तिच्यावर सर्व काही अडले आहे. पाणी अकराव्या गल्लीत येते, वळण घेते आणि भागीबाईंच्या दारापासून वीस पावलांवर थांबते. पुढे सरकत नाही. तिथे पसरते आणि मुरते. उतार मी तीन वेळा मोजला. चारशेला एक, जसा आखला तसा, एका सुताचाही फरक नाही. सर्व काही बरोबर आहे आणि पाणी पोहोचत नाही. पाण्यासाठी धरलेल्या तीन महिन्यांतले सात आठवडे संपले. सभेत कोणी विचारले, की शेंड्याला पोहोचले का, तर मला नाही म्हणावे लागेल, आणि मग पाइप.

भागीबाईंनी दारापाशी अळू लावले आहे. त्याला त्या तांब्याने पाणी घालतात. मला पाहिले की तांब्या मागे धरतात, मला वाईट वाटू नये म्हणून. आजवर माझ्या कामाची दया कोणी केली नव्हती.

तुला विचारते असे नाही. फक्त कळवले.

सविता


नाशिक
१९ जानेवारी २०२६

ललित,

सत्त्याऐंशी विरुद्ध एकतीस. पाट राहिला.

काल सभेत भामरे यांनी डासांचे आकडे वाचले, एकेका गल्लीचे, तारीखवार. मग म्हणाले, "पाणी शेंड्याला पोहोचले की नाही, हे मी सांगणार नाही. अकराव्या गल्लीने सांगावे." भागीबाई उभ्या राहिल्या. हातात अळूची जुडी होती, प्रत्येक पान पसरल्या हाताएवढे. म्हणाल्या, "रविवारपासून मी तांब्या उचलला नाय." एवढेच. मतदान झाले. आणखी सात वसाहतींचे आराखडे घेऊन महापालिकेतून अभियंते पुढच्या महिन्यात येणार आहेत. त्यांना मी आधी चपला काढायला सांगणार आहे.

पाणी गेल्या रविवारपासून शेवटच्या दारापर्यंत वाहते, हे मलाही ठाऊक होते. का वाहते, हे ठाऊक नव्हते. मी त्याचे श्रेय गाळ काढण्याला दिले आणि सभेत तसे सांगितले. सभा संपल्यावर भागीबाई बाहेर माझ्याजवळ आल्या.

"बाई, त्या गाळानं नाय झालं. मानूस आला होता."

"कोण माणूस?"

"अकरा तारखेला. दुपारचा. पायात काय नाय, चपला हातात. वळनावर बसला आन् पान्यात हात घालून बसला, लय येळ. मंग दोन दगड उपटलं, आत सरकवून बसवलं. म्हनला, पानी पसरलं का आळसतं, त्याला अरुंद वाट लागते. आमच्यातली नागलीची भाकर खाल्ली, मिरचीसंगं. गेला."

मी विचारले, तेव्हाच का नाही सांगितले.

"सभा व्हईपरेन सांगू नको म्हनला. आता झाली ना सभा."

"नाव सांगितले?"

"मी इचारलं, कोन तुमी, पाटकरी का? तर म्हनला, नाय. वरल्या बाईंचा भाऊ."

ललित, मी तिथेच दगडावर बसले. भामरे धावत आले. त्यांना वाटले मला चक्कर आली. मी त्यांना सांगितले, काही नाही, पायात खडा टोचला.

आज सकाळी मी मोजपट्टी घेऊन त्या वळणावर गेले. दोन्ही दगड माझ्या रेषेपासून चार-चार बोटे आत आहेत. एक किंचित तिरकाही आहे. माझ्या विद्यार्थ्याने असे काम केले असते, तर मी ते उपटून पुन्हा लावायला सांगितले असते. मी दगडांना हात लावला नाही. कार्यालयात आले आणि मूळ नकाशा काढून त्यावरची रेषा चार बोटे आत घेतली, तिरकेपणासह. 'जलवीथी' हा शब्द जिथे जिथे होता तिथे 'पाट' लिहिले. एकूण त्रेचाळीस ठिकाणी. खाली कोपऱ्यात, जिथे रचनाकारांची नावे असतात, तिथे माझ्या नावाच्या वर लिहिले: ललित सावळीराम देवरे, पाटकरी. तुला विचारले नाही. हरकत असेल तर येऊन सांग. पोस्टकार्डावर घेतलेली हरकत मी ग्राह्य धरणार नाही.

तू त्या दिवशी बरोबर होतास. लेखणी या वेळी अडली नाही.

एक तक्रार आहे. अकरा तारखेला तू माझ्या घरापासून सात मिनिटांच्या अंतरावर जेवून परत गेलास. भागीबाईंची भाकरी माझ्यापेक्षा चांगली होते, हे मान्य आहे. तरीही.

भाऊबीज उलटून तीन महिने होत आले. रांगोळी केव्हाच विस्कटली, मोलकरीण तिच्या कडेकडेने फरशी पुसते आणि मला काही विचारत नाही. पाट मी अजून उचललेला नाही.

तुझी,
ताई